डॉ. सालिम अली : हातांनी शिकलेला शास्त्रज्ञ

आपल्या ज्ञातिसंघाच्या ह्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे वा पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. बहुतेक वेळा ते ज्ञातीतीलच कोणा वडीलधाऱ्या व्यक्तीचे असते, आणि ते तसे असणे स्वाभाविकही आहे. ह्या वर्षी मात्र मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा घराण्यात वाढलेल्या, विद्यापीठाची पदवी परीक्षा कधीच न दिलेल्या, आणि तरीही हयातीतच जगभर मान्यता पावलेल्या एका पक्षितज्ज्ञाचे चरित्र सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहे. डॉ. सालिम अली हे त्यांचे नाव. काही सभासदांना ही निवड चमत्कारिक वाटेल. म्हणून तिचे कारण आधी सांगतो.

वटार, नाळे, राजोडी, आगाशी ह्या पट्ट्यातील आपली घरे वाडीवर पोसली गेली. केळीची बने, पानवेलीचे मळे, विहिरीवरील रहाटाचा आवाज आणि वाडीच्या कडेचे बावखल ह्यांच्या संगतीत आपल्या आजोबा-पणजोबांचे आयुष्य गेले. आज रहाट गेले, पुष्कळ बावखले बुजविली गेली, काही वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. तरी अजून ताड-माड उभे आहेत आणि पावसाळा लागताच त्यांवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. गेल्या वर्षी नववीत शिकणाऱ्या आपल्याच एका हुशार मुलाला मी सहज विचारले की ही घरटी कोण बांधतो, नर की मादी. त्याने क्षणाचाही विलंब न लावता मादी असे सांगितले. त्याच्या घराच्या मागील दारी ताड होता, ताडावर वीसेक घरटी होती, आणि जीवशास्त्रात त्याला पंचाहत्तरांहून अधिक गुण होते. बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती त्याने वहीत फार सुबक काढलेली होती. बावखलातील बेडकाची अंडी कशी दिसतात हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. दोष त्या मुलाचा नव्हे. जीवशास्त्र हा पाठ करण्याचा विषय आहे अशीच आपण त्याची समजूत करून दिली आहे. सालिम अलींचे चरित्र ह्या समजुतीच्या अगदी उलट टोकाला उभे आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन निवर्तले आणि तिसऱ्या वर्षी आई झीनतउन्निसाही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम ह्यांना मूल नव्हते. त्यांनी ह्या पोरक्या भाच्यांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. राष्ट्रसभेचे एक आद्य अध्यक्ष न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांचे हेच घराणे. घरात पुस्तके होती, पाहुण्यांची वर्दळ होती, आणि मामांना शिकारीचा नाद होता. त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा पुरुषार्थाचा भाग समजला जाई. छोट्या सालिमला मामांनी छऱ्याची एक हवेची बंदूक दिली होती, आणि मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. बाजारातून स्वयंपाकघरासाठी जिवंत तितर आणि लावे येत. त्यांतील एखाददुसरा वाचवून पिंजऱ्यात पाळण्याचा उद्योगही तो करी.

ह्याच वयातील, १९०६-०७ सालच्या सुमाराची, त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसे व नर बाहेर पहारा करी. मुलाने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला आणि तो पहाऱ्यावर येऊन बसला. मुलाने त्यालाही टिपले. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि ते अनुकरणीय आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु दहा वर्षांच्या त्या मुलाने एक गोष्ट केली, जी शेकडो बंदूकवाल्या पोरांनी केली नाही. त्याने दिवस मोजले, नर मोजले, मादीचे वागणे पाहिले आणि ते सारे वहीत लिहून ठेविले. शिकारीच्या फुशारकीसाठी लिहिलेली ही नोंद पुढे कित्येक दशकांनी पक्ष्यांच्या वर्तनाविषयीची माहिती म्हणून जशीच्या तशी छापली गेली.

आता त्या सुप्रसिद्ध चिमणीकडे येऊ. एके दिवशी टिपलेल्या चिमण्यांत एक पक्षी निराळा निघाला. आकार चिमणीचाच, परंतु गळ्यावर हळदीचे बोट ओढावे तसा पिवळा डाग. धर्माच्या दृष्टीने हा पक्षी खाण्यास योग्य की अयोग्य अशी शंका मुलाला आली आणि तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला. येथे मामांच्या वागण्याकडे प्रत्येक आईबापाने लक्ष द्यावे असे मला वाटते. पोराची शंका त्यांनी हसण्यावारी नेली नाही, की अभ्यास सोडून कसले उद्योग करतोस म्हणून त्याला दटाविलेही नाही. हा पक्षी कोणता हे आपणांस माहीत नाही हे त्यांनी कबूल केले, आणि ज्याला माहीत असेल त्याच्याकडे मुलास एक ओळखपत्र देऊन धाडले. ते पत्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड ह्यांच्या नावे होते. अमिरुद्दीन स्वतः त्या संस्थेच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते.

ह्या संस्थेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण ती केवळ साहेबांची संस्था होती असा समज आढळतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थांनी एकत्र येऊन तिची स्थापना केली. त्या आठांत दोघे मराठी होते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे एक, आणि वैद्यक व वनस्पतिशास्त्र दोहोंत पारंगत असलेले डॉ. सखाराम अर्जुन हे दुसरे. पुढे संस्थेचे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवरील फिप्सन आणि कंपनीच्या जागेत गेले. ही कंपनी विलायती मद्याचा व्यापार करी. मद्याच्या पेढीत प्राणिशास्त्राचे देऊळ असावे ही गंमतच. परंतु मिलर्डही त्याच पेढीत होते, म्हणून तशी सोय झाली.

तेथे तो लाजराबुजरा मुलगा कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन गेला. एवढ्या मोठ्या गोऱ्या साहेबापुढे उभे राहण्याची त्याची पहिलीच वेळ होती. मिलर्ड साहेबांनी पक्षी पाहताच तो पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. तेवढे सांगून मुलाला परत पाठविले असते तरी त्यांचे काम झाले असते. तसे न करता त्यांनी संग्रहाच्या कपाटांचे खण एकामागून एक ओढून दाखविले. हिंदुस्थानच्या नाना भागांतून आणलेले, कातडे सोलून आत कापूस भरलेले शेकडो पक्षी त्यांत ओळीने निजविलेले होते. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव, गाव, तारीख, नर की मादी व कोणी मिळविला ह्याची नोंद. ओळीतील तशाच रानचिमण्यांशेजारी आपली चिमणी ठेवून मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली. मिलर्डांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली, पक्षी सोलून टिकविण्याची कला संस्थेत येऊन शिकण्याची मुभा दिली, आणि संस्थेचे पहिले पगारी संग्रहपाल नॉर्मन किन्नियर ह्यांच्याशी त्याची गाठ घालून दिली.

पक्षी सोलणे हे काम वाचून येत नाही. पातळ कातडे फाटू न देता मांस वेगळे करावयाचे, कवटी स्वच्छ करावयाची, पिसे रक्ताने मळू द्यावयाची नाहीत, पंख आपापल्या जागी बसवावयाचे. आणि हे करीत असता पोटातील बीजांड वा वृषण पाहून नर-मादी निश्चित करावयाची, जठर उघडून पक्ष्याने काय खाल्ले ते पाहावयाचे. एकेका पक्ष्यात शरीरशास्त्राचा, आहाराचा आणि भूगोलाचा धडा असे. हा अभ्यास चालू असता शाळेत सालिमची प्रगती यथातथाच होती. तो सेंट झेवियर्स शाळेत शिकत होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास सततच्या डोकेदुखीने त्याला ग्रासले, म्हणून हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. त्यामुळे अभ्यास आणखी मागे पडला. १९१३ साली तो मॅट्रिक झाला, पण काठावर. पुढे महाविद्यालयातील गणिताने त्याला इतके जेरीस आणले की १९१४ साली त्याने शिक्षणच सोडले आणि ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे घरच्या खाणी व लाकडाच्या धंद्यात मदत करावयास तो गेला.

धंद्यात त्याचे लक्ष लागले नाही हे सांगावयास नकोच. तेथील रानात पक्षी पुष्कळ होते. १९१७ साली मुंबईस परतल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब शिकण्याचा घाट घातला गेला. त्या वेळी सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर ह्यांनी ह्या तरुणाचा खरा कल ओळखिला आणि त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गास बसण्यास उद्युक्त केले. हेच फादर ब्लॅटर आणि पूर्वी उल्लेखिलेले मिलर्ड ह्या दोघांनी मिळून भारतातील सुंदर वृक्षांवर एक ग्रंथ सिद्ध केला, तो आजही आवडीने वाचला जातो. १९१८ च्या डिसेंबरात सालिम अलींचा विवाह तेहमिना ह्यांच्याशी झाला. पुन्हा ब्रह्मदेश, पुन्हा धंदा. तो शेवटी बुडाला आणि हे जोडपे कायमचे परतले.

आता पोटाचा प्रश्न उभा राहिला. भारताच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती. सालिम अलींइतका पक्ष्यांचा प्रत्यक्ष परिचय असलेले तरुण त्या वेळी देशात फारसे नव्हते. परंतु पदवी नाही म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही. हा प्रसंग त्यांच्या मनास फार लागला. आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुलांनी ह्या ना त्या कारणाने असाच अनुभव घेतला असेल. पदवीचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या दाराशी अडखळलेल्या ह्या माणसाला पुढे अलीगढ, दिल्ली व आंध्र ह्या तीन विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्गविज्ञान दालनांसाठी मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. काचेआड पेंढा भरलेले पशुपक्षी त्यांच्या नैसर्गिक परिसरासह मांडलेले असत, आणि आलेल्या प्रेक्षकांना व विद्यार्थ्यांना ते समजावून द्यावयाचे असे काम होते. ज्याला लहानपणी कोणीतरी खण उघडून दाखविले त्यानेच आता इतरांना दाखवावे हा योग चांगला होता. तथापि सत्य सांगावयाचे तर दोन वर्षांत त्यांना ह्या नोकरीचा कंटाळा आला. काचेआडचा पक्षी उडत नाही, गात नाही, घरटे बांधीत नाही. त्याच्याविषयी तेच ते बोलून त्यांचे मन भरेना. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान ह्यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यासाची रीत आत्मसात केली, आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचा प्रवास शोधण्याची पद्धत पाहिली. श्ट्रेझेमान ह्यांनाच त्यांनी आयुष्यभर गुरू मानिले.

१९३० साली परत येतात तो पैशाच्या टंचाईमुळे संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली. हाती नोकरी नाही, मुंबईत राहण्यास पैसा नाही. तेव्हा पत्नीच्या माहेरचे एक घर अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठी होते, तेथे हे दोघे राहावयास गेले. किहीम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते वटार-राजोडीचेच भावंड वाटेल. तीच वाळू, तीच माडांची दाटी, पावसाळ्यात तीच हिरवी भातखाचरे. त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत वसली. बेकार माणसाजवळ वेळ भरपूर होता. पक्ष्यांना आपले अस्तित्व जाणवू नये अशा बेताने लपून ते दिवसच्या दिवस त्या घरट्यांसमोर बसले आणि कोणता पक्षी कोणत्या वेळी काय करतो ते टिपीत राहिले.

त्यांना जे दिसले ते तोवर कोणी इतक्या नेटकेपणाने मांडले नव्हते. आपल्या भाषेत सुगरण हे नाव स्त्रीलिंगी. लोकगीतांनी आणि कवींनी घरट्याचे सारे श्रेय मादीलाच दिले. प्रत्यक्षात घरटे बांधतो तो नर. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर व छातीवर पिवळा धमक रंग चढतो. भाताची वा माडाची पाने चोचीने कातरून तो त्यांच्या लांब पट्ट्या काढतो आणि फांदीच्या टोकाशी विणीत सुटतो. घरटे उलट्या टोपासारखे अर्धवट झाले की तो थांबतो. मग माद्यांचा थवा वसाहतीत येतो. नर पंख फडफडवून त्यांचे स्वागत करतात. माद्या अर्धवट घरट्यांत शिरून आतील वीण ओढून-चाचपून पाहतात. एखादीला घरटे पसंत पडले म्हणजे तिने तो नर पत्करला असे होते. त्यानंतरच नर पुढची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. ते झाले की मादी अंडी घालून उबविण्यास बसते, पिलांचा भार बहुतांशी तीच उचलते. आणि हे गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसरे घरटे विणू लागतात, दुसरीच्या प्रतीक्षेत! एका हंगामात एका नराचे असे दोनतीन संसार थाटलेले असतात. ह्या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणकारांनी त्याची तत्काळ दखल घेतली. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठासाठी काम करणाऱ्या व्ही. सी. आंबेडकर ह्यांनी भारतातील सुगरणींवर स्वतंत्र प्रबंध लिहिला.

ह्या अभ्यासास किती खर्च आला असेल? एक वही, एक पेन्सिल, एक दुर्बीण आणि अमर्याद चिकाटी. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. मी हे मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्या गावाकडच्या शाळेत साधने नाहीत म्हणून प्रात्यक्षिक होत नाही ही तक्रार मी स्वतःही वर्षानुवर्षे करीत आलो. तक्रार खोटी नाही. परंतु जून ते सप्टेंबर ह्या काळात वटारच्या ताडांवर जे घडते त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. आपला संघ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना वह्या वाटतो. त्यांत एक जादा कोरी वही द्यावी, तीत एकच झाड वा एकच बावखल घेऊन हंगामभराची नोंद करावयास सांगावे, आणि गुणगौरवाच्या दिवशी गुणपत्रिकेबरोबर तीही पाहावी, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. घरट्याचे तोंड कोणत्या दिशेस, अर्धे घरटे कोणत्या तारखेस झाले, मादी कधी आली, किती घरटी अर्धवटच राहिली. एवढे लिहिले तरी पुरे. बावखलाकाठी बेडकाची फेसाळ किंवा बुळबुळीत अंडी, त्यांतून निघणारे बेडूकमासे, त्यांना आधी फुटणारे मागचे पाय, टपून बसलेला खंड्या आणि दबकत चालणारी पाणकोंबडी ही सर्व मंडळी आहेतच. पावसाळा संपल्यावर वाऱ्याने खाली पडलेले, पक्ष्यांनी सोडून दिलेले घरटे हाती घेऊन उसवून पाहावे. आतल्या बाजूस चिकटविलेले चिखलाचे गोळे सापडतील. त्या गोळ्यांत काजवे खोचून सुगरण घरात दिवा लावते असे आपल्या आज्या सांगत. मुलांनी पाहावे, काजवा सापडतो का ते.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. सालिम अलींच्या लहानपणी बंदूक हे अभ्यासाचे साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता पक्षी मारणे, पकडणे वा त्यांची अंडी-घरटी मोडणे हा गुन्हा ठरविला आहे. स्वतः सालिम अलींनीही वाढत्या वयाबरोबर केवळ हौसेच्या शिकारीचा नाद सोडिला, जरी शास्त्रीय संग्रहासाठी पक्षी टिपणे त्यांनी अखेरपर्यंत योग्यच मानले. ह्या एका बाबतीत त्यांच्यावर टीकाही झाली.

किहीमनंतरचे त्यांचे आयुष्य भ्रमंतीचे आहे. हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करण्याची योजना निघाली तेव्हा त्यांनी मोबदला न मागता केवळ खर्चावर ते काम पत्करले. त्यामागोमाग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ असा प्रवास झाला. १९३७ साली ते अफगाणिस्तानातही जाऊन आले. तंबू, बैलगाडी, कंदील, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात चाललेली सोलकाम व नोंदी असे ते जीवन होते. ह्या प्रवासांत तेहमिनाबाई त्यांच्या बरोबरीने राबल्या. विलायतेत शिकलेली, सुखात वाढलेली ही स्त्री नवऱ्याच्या छंदापायी तंबूत राहिली आणि त्याच्या लेखनातील इंग्रजी भाषाही तिने सुधारली. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तदोष होऊन त्या अकाली गेल्या. त्यांना मूल नव्हते. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली ह्यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवरील आपल्या घरी आश्रय दिला. त्यांच्या चरित्रात पोरकेपणी मामाचे घर आणि वैधुर्यात बहिणीचे घर असा आप्तांचा आधार दोनदा आला, तो नसता तर पुढचे काहीच घडते ना.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले. तोवर पक्षी ओळखण्यासाठी जाडजूड, महागडे, तज्ज्ञांपुरते ग्रंथ होते. ह्या पुस्तकाने शाळकरी मुलालाही दारचा पक्षी ओळखता येऊ लागला. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लईक फतेहअली ह्यांच्यासह त्यांनी सामान्य पक्ष्यांविषयी एक लहानसे, स्वस्त पुस्तकही लिहिले. अमेरिकेच्या डिलन रिप्ले ह्यांच्या सहकार्याने भारतीय उपखंडातील सर्व पक्ष्यांची दहा खंडांची संहिता १९६८ ते १९७४ ह्या काळात प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तराच्या घरात होते. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाच्या अडचणीत आली असता पंडित नेहरूंना लिहून त्यांनी तिला मदत मिळवून दिली. भरतपूरचे पाणथळ पक्षितीर्थ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यात त्यांचा शब्द कामी आला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, आणि १९८५ साली राज्यसभेचे नामनियुक्त सभासदत्व हे मान त्यांना लाभले. पॉल गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीस देऊन टाकिली.

स्वभावाने ते तापट आणि काटेकोर होते. ढिसाळ नोंद, उशीर आणि वायफळ बडबड त्यांना खपत नसे. तरुण साहाय्यकांना त्यांचा धाक वाटे. परंतु एखादा पोरगा स्वतः पाहिलेली गोष्ट घेऊन आला, मग ती कितीही क्षुल्लक असो, तर तिच्यात ते मनापासून रस घेत असत. नव्वदीच्या उंबरठ्यावर, १९८५ साली, त्यांनी आत्मचरित्र लिहिले, आणि त्याला नाव दिले ते त्या चिमणीवरून. १९८७ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

सोसायटीचे कार्यालय १९६५ पासून फोर्टमध्ये लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस येथे आहे. तेथील संग्रहात पक्षी अजून खणांतून ओळीने ठेवलेले आहेत आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली आहे. विरारहून सकाळची चर्चगेट गाडी धरली, तर शाळकरी मुलाला तेथे जाऊन संध्याकाळच्या आत घरी परतता येते.